डोंबिवलीचा फ्लॅट इतक्यात विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर थायलंडच्या समुद्रकिनारी कमी पैशांत कसं राहावं, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. खरं तर तो चुकवणं शक्यच नव्हतं. भाचीने पाठवला, बँकेच्या जुन्या शाखेतल्या बायकांच्या ग्रुपवर आला, आणि डोंबिवलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर लेख पाठवून खाली 'वहिनी, मजा आहे तुमची' असंही लिहिलं. आम्ही नवरा-बायको हुआ हिन नावाच्या गावी राहतो, त्याचा हा परिणाम. लेखात खोटं असं फारसं काही नाही. समुद्र आहे, शहाळं आहे, भाडं परवडतं, लोक हसून बोलतात. पण अख्ख्या पानात 'इमिग्रेशन' हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि परदेशी म्हणून इथे राहणाऱ्या माणसाचं सगळं वर्ष त्या एका कचेरीभोवती फिरत असतं. लेख वाचून बँकेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी 'फ्लॅट विकून यावं म्हणते' असं फोनवर सांगितलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. पत्र लांबणार आहे. हवं तिथे कात्री लावा, आकडे तेवढे कापू नका.

आमची ओळख थोडक्यात. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर डोंबिवलीचं. नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत, त्यातली बरीच वर्षं काउंटरवर गेली. हे केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले. मुलगा बँकॉकला नोकरीला होता, म्हणून त्याच्याकडे येऊन राहिलो. डिसेंबर ते फेब्रुवारी बँकॉकची हवा धुरकट होते, तेव्हा यांचा दमा उचल खायचा. डॉक्टरांनी समुद्राकडे जा म्हटलं आणि मुलाने इथे घर बघून दिलं. पुढे त्याची सिंगापूरला बदली झाली, आम्ही मागे राहिलो.

आपल्याकडे थायलंडचा किनारा म्हटलं की पट्टाया आणि फुकेत, पुढे गाडी जात नाही. हुआ हिन बँकॉकपासून नैर्ऋत्येला साधारण २०० किलोमीटरवर, प्रचुआप खिरी खान प्रांतात आहे. राजघराण्याचं हवा खायचं ठिकाण ते हेच. इथल्या राजाने, सातव्या रामाने, १९२०च्या दशकात इथे राजवाडा बांधला, आणि २४ जून १९३२ला बँकॉकमध्ये सत्तापालट होऊन राजाचे सर्वाधिकार गेले तेव्हा राजेसाहेब इथेच सुट्टीवर होते. आता शुक्रवारी संध्याकाळी फेटकासेम रस्त्यावर बँकॉकच्या गाड्यांची रीघ लागते, रविवारी ती उलटी फिरते. थंडीत स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कचे म्हातारे-म्हाताऱ्या उतरतात आणि मार्चअखेर परत जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झोडपतो तेव्हा गावात गावची माणसं, आमच्यासारखे थोडे, आणि म्यानमारचे मजूर. त्यांच्याबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण आपल्या लेखातल्या 'परदेशी रहिवाशां'मध्ये ते कुठेच नाहीत.

आता मुद्द्याचं. २०२४च्या जुलैत भारतीयांना ६० दिवस व्हिसाविना प्रवेश सुरू झाला, तेव्हापासून लोकांचा समज झाला आहे की थायलंडचं दार सताड उघडं आहे. ती सोय आणली ती पर्यटकांसाठी. घर करून राहायचं तर निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा घ्यायचा आणि त्याच्यावर दर वर्षी एक वर्षाची मुदतवाढ मागायची. वय ५० पूर्ण हवं. थाई बँकेतल्या खात्यात ८ लाख बाथ हवेत, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर, किंवा महिन्याला ६५ हजार बाथचं उत्पन्न दाखवता आलं पाहिजे. हे ८ लाख अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून असावे लागतात, मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली गेलेली चालत नाही. आता उरलेल्या महिन्यांत वरचे ४ लाख काढून खर्च केले तर पुढच्या अर्जाआधी दोन महिने ते पुन्हा भरून ठेवायचे. मी बँकेतली. मला विचाराल तर ही एक बिनव्याजी ठेव आहे असंच धरून चाला, कारण बचत खात्यावर व्याज नावापुरतंच मिळतं. 'महिना अमुक हजारांत भागतं' हा लेखातला हिशेब या ठेवीशिवाय केलेला आहे, म्हणून तो इतका गोंडस दिसतो.

नवरा-बायकोपैकी एकाचे पैसे दाखवून दुसऱ्याला अवलंबित म्हणून राहता येतं. आमचं तसंच आहे. त्यासाठी लग्नाचा दाखला लागतो. आमच्या पिढीत लग्नाची नोंदणी करतं कोण? पत्रिका होती, अल्बम होता, हॉलची पावतीसुद्धा सासूबाईंनी जपून ठेवलेली होती. त्यातलं काहीच चालत नाही. नातवंडं झाल्यावर आम्ही दोघं महापालिकेत जाऊन लग्नाची नोंद करून आलो, साक्षीदार म्हणून आलेल्या शेजाऱ्यांनी पेढे मागितले ते वेगळेच.

मुदतवाढीचा दिवस कसा असतो ते सांगते. सकाळी आधी बँकेत जायचं. शिल्लक असल्याचं बँकेचं पत्र घ्यायचं आणि पासबुकात त्याच दिवशीची नोंद हवी, म्हणून खात्यात शंभर-दोनशे बाथ भरून ती छापून घ्यायची. मग पासबुकाच्या, पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स आणि प्रत्येक पानावर निळ्या शाईने सही. यांची सही पाचव्या कागदानंतर बदलायला लागते. मी शेजारी बसून दटावते, कारण चेकवरच्या असल्या सह्या मी आयुष्यभर परत पाठवल्या आहेत. मग इमिग्रेशनमध्ये नंबर घ्यायचा आणि बसायचं. काउंटरवरची मुलगी आमच्या नातीच्या वयाची. ती पासबुक मागून पुढे उलटते, प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी शिलकेच्या रकान्याखाली ठेवते आणि एकेक ओळ खाली सरकवत जाते. कुठे आकडा खाली घसरलाय का, एवढंच ती बघत असते. मीही तेच बघितलं असतं, त्यामुळे तिचा राग येत नाही. पण पट्टी सरकत असताना पोटात गोळा येतो, तो दर वर्षी. १९०० बाथ फी भरली, फोटो काढला, शिक्का बसला की गंगेत घोडं न्हालं. बाहेर येऊन आम्ही बर्फाचा गोड चहा पितो. त्या दिवशी यांच्या साखरेला सुट्टी.

याखेरीज दर ९० दिवसांनी 'आम्ही अजून याच पत्त्यावर आहोत' हे कळवायचं. उशीर झाला तर २००० बाथ दंड. हल्ली ते ऑनलाइन होतं, झालं तर. घरमालकाने आपल्याकडे परदेशी माणूस उतरला आहे हे २४ तासांत कळवायचं असतं. मालक विसराळू असला तर हेलपाटे भाडेकरूला. आणि देशाबाहेर जाण्याआधी परत येण्याची परवानगी घ्यायची, एका खेपेला १००० बाथ, वर्षभर कितीही खेपांना ३८००. ती न घेता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द, परत पहिल्यापासून सुरुवात. आमच्या ओळखीतल्या एका नागपूरकरांची आई अचानक गेली. ते रात्रीच्या विमानाने निघाले. ती परवानगी विमानतळावरही मिळते, पण आई गेल्याचा फोन आलेल्या माणसाला ते कुठून आठवणार? तेरावं उरकून परत आले ते पर्यटक म्हणून.

हे सगळं मी तक्रार म्हणून सांगत नाही. देश त्यांचा आहे, नियम लेखी आहेत. ज्याला माहीत आहेत त्याला त्रास कमी होतो. वाचकांना ते आधी माहीत असावेत, इतकंच.

घराचंही तेच. 'बागेसह छोटासा बंगला घ्या' असं एक वाक्य लेखात आहे. परदेशी माणसाला इथे जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट स्वतःच्या नावावर घेता येतो, पण एका इमारतीतलं परदेशी मालकीचं क्षेत्र ४९ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. जमीन हवीच तर भाडेपट्टा, तो जास्तीत जास्त ३० वर्षांचा. कुणा थाई माणसाच्या किंवा कागदोपत्री कंपनीच्या नावावर बंगला घेऊन देणारे दलाल गल्लोगल्ली आहेत, ते बेकायदा आहे आणि अंगाशी आलं की दलाल फोन उचलत नाही. आम्ही भाड्यानेच राहतो. काम करायला बंदी, अगदी फुकटसुद्धा. जवळच्या शाळेत आठवड्यातून एक तास गणित शिकवावं असं माझ्या फार मनात होतं, तर कळलं की बिनपगारी स्वयंसेवेलाही कामाचा परवाना लागतो. तेव्हा ज्यांना रिकामं बसवत नाही त्यांनी आधी आपल्या स्वभावाचा विचार करावा. समुद्राकडे बघत बसणं पंधरा दिवस छान वाटतं.

आणि इकडे भारतातली बाजू. 'पेन्शन आरामात पुरते' हे खरं, पण ती मिळत राहायला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता फोनवर चेहरा दाखवून होतो, मोठीच सोय आहे. आमच्याकडे तो कार्यक्रम असा: हे बाल्कनीच्या दारात उजेडाकडे तोंड करून बसतात, मी फोन धरते, फोन डोळे मिटून उघडा म्हणतो, हे डोळे मिटतात आणि मिटलेलेच ठेवतात. मग पुन्हा. नाहीच जमलं तर बँकॉकला सुखुमवित रस्त्याच्या सोय २३ मधला (सोय म्हणजे गल्ली) आपला दूतावास आहे, पण त्यासाठी अख्खा दिवस मोडतो. आधारला जोडलेलं भारतातलं सिमकार्ड जिवंत ठेवावं लागतं. रिचार्ज संपला की ओटीपी येत नाही आणि ओटीपी आला नाही की तुम्ही स्वतःच्याच पैशांना परके. वर्षातला मोठा काळ बाहेर राहिलात तर अनिवासी ठरता, बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यावं लागतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नव्याने पैसे घालता येत नाहीत. वर, १ जानेवारी २०२४ पासून थायलंडनेही नियम बदलला आहे. वर्षात १८० किंवा जास्त दिवस इथे राहणाऱ्याने बाहेरून कमावलेले पैसे इथे आणले तर ते कराच्या हिशेबात धरले जातात. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा कसा घ्यायचा हे जाणकाराला विचारूनच ठरवावं. एवढा मजकूर चौकटीत बसला असता.

मग राहता कशाला, असं कुणी विचारेल. यांचा दमा आटोक्यात आहे, हे पहिलं कारण. दुसरं कारण चाटचाय बाजार.

मी वेंगुर्ल्याची. सकाळी बाजारात मासे बघितल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही, आणि डोंबिवलीत जन्म काढताना हे सुख कमीच मिळालं. इथे सहाला बाजार भरलेला असतो. प्ला थू म्हणून एक मासा मिळतो, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, जरा रुंद आणि आखूड. मिठाच्या पाण्यात शिजवून बांबूच्या गोल परडीत दोन-तीन मावतील असे माना मोडून बसवलेले असतात. घरी न्यायचे, तळायचे, झालं. आपला बांगडाही मिळतो, पण इथल्या बायका त्याला नाक मुरडतात. त्यांच्या लेखी तो दुय्यम. वेंगुर्ल्यात हे कुणी बोलून दाखवावं! थायलंडच्या आखाताच्या या भागात १५ फेब्रुवारी ते १५ मे माशांच्या विणीसाठी मासेमारीवर बंधनं असतात, तेव्हा प्ला थू महाग होतो, लहान येतो, किंवा शीतगृहातला येतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलैची बंदी. माझा भाऊ जूनमध्ये फोनवर मासळी नाही म्हणून रडतो, तेव्हा मी मुद्दाम त्याला परडीचा फोटो पाठवते.

बाजाराच्या कोपऱ्यावर नारळवालीचं दुकान आहे. सोललेला नारळ यंत्रात टाकायचा, चव खाली पडतो, तो फडक्यात घालून दाबाच्या यंत्राखाली ठेवायचा, आणि जाड रस पिशवीत बांधून हातात. पहिला रस, दुसरा रस वेगळा मागता येतो. मी पहिला मागितला की बाई ओळखते, आज सोलकढी. कोकम अर्थातच मिळत नाही. पण त्याच जातकुळीतल्या एका आंबट फळाच्या वाळवलेल्या फोडी मिळतात, सोम खाएक नावाच्या. रंग येत नाही, आंबटपणा येतो. रंगासाठी बिटाचा तुकडा घालते, आईने बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. तूरडाळ, गोडा मसाल्याचं सामान बँकॉकच्या पाहुरातमधून महिन्याकाठी येतं. कढीपत्ता बाल्कनीत लावला आहे. बाजारातल्या सगळ्या मला 'पा' म्हणतात, म्हणजे थोरली मावशी. माझं थाई आकडे, मासे आणि 'जरा कमी करा' एवढ्यापुरतं आहे. सुरांची भाषा असल्यामुळे मी भाव करते तेव्हा आजूबाजूच्या दोघी-तिघी ऐकायला थांबतात, हे मला ठाऊक आहे.

भारतीय म्हटल्यावर आणखी एक प्रश्न हमखास येतो: 'लग्नाला आलात?' इथल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये आपल्याकडच्या बड्या लोकांची लग्नं लागतात, तीन-तीन दिवस ढोल आणि वराती. हॉटेलवाले खूश असतात. रात्री अकराला किनाऱ्यावर ढोल वाजला की आमच्या इमारतीतले सगळे माझ्याकडे बघतात, जणू नवरदेव माझा भाचा.

तिकिटांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जवळच खाओ साम रोय योत राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या गुहेत पाचव्या रामाच्या भेटीसाठी १८९० मध्ये बांधलेला मंडप आहे. वरून उघड्या छतातून त्याच्यावर ऊन पडतं, बघण्यासारखी जागा आहे. तिकीट थाई माणसाला ४० बाथ, परदेशी माणसाला २००. यांना ते फार लागलं. मी म्हटलं, अजिंठ्याला आपण गोऱ्यांकडून ६०० रुपये घेतो आणि स्वतः ४० देतो, तेव्हा कुठे लागलं? पण गंमत पुढेच आहे. बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या गटात दोन्ही देश आहेत, म्हणून थाई नागरिकाला अजिंठ्याला भारतीयांच्याच दराने तिकीट मिळतं. आपण इथे मात्र २००च्या रांगेत. परराष्ट्र खात्याने कधी तरी या रांगेकडेही बघावं.

आता ज्यांच्याबद्दल लिहिणार म्हटलं होतं ते. या प्रांतात थायलंड इतका चिंचोळा होतो की एके ठिकाणी समुद्रापासून म्यानमारची सरहद्द जेमतेम १२ किलोमीटरवर आहे. बांधकामावर, मासेमारीच्या बोटींवर, कोळंबी सोलायला, हॉटेलांच्या मोरीत आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात म्यानमारचीच माणसं दिसतात. जिना पुसणारी बाई डोंगरापलीकडच्या दावेईची. इमिग्रेशनच्या बाकावर ती मला एकदा शेजारी बसलेली भेटली. तिलाही ९० दिवसांची नोंद करावी लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिची परवानगी मालकाच्या नावाला बांधलेली, माझी पासबुकातल्या आकड्याला. तिने विचारलं, तुम्हाला किती ठेवावे लागतात? मी सांगितल्यावर ती आधी हसली, मग आकडा नीट कळला का म्हणून बोटं मोजून पुन्हा विचारलं. तिच्या मालकाने इमारत सोडली किंवा तिला सोडलं, तर नवा मालक शोधायला मोजके दिवस मिळतात. मला निदान दर वर्षी तारीख माहीत असते. 'थायलंडच्या किनारी गावांतलं परदेशी लोकांचं जीवन' असं शीर्षक देऊन फक्त बिअर पिणारे गोरे आणि योगासनं करणारे आमच्यासारखे निवृत्त यांच्यावर लिहायचं, हे मला पटलं नाही. संख्येने बघितलं तर परदेशी रहिवासी ती आहे, आम्ही चिल्लर.

शेवटी एक अवघड विषय, जो सुखी निवृत्तीच्या लेखात कुणी काढत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक स्वीडिश आजोबा एकटे राहायचे. उन्हाळ्यातसुद्धा परत न जाणारे. ते गेले. पोलीस, रुग्णालय, दूतावास असं सगळं यथासांग झालं. मुलगा तिकडून यायला काही दिवस लागले. अंत्यविधी गावातल्या 'वाट'मध्येच, म्हणजे बौद्ध मंदिरातच झाला. इथे प्रत्येक मोठ्या वाटला दाहाची सोय असते आणि परदेशी आहे, बौद्ध नाही, म्हणून कुणी अडवत नाही. आम्ही सगळ्यांनी लाकडाच्या ढलप्यांची फुलं असतात ती शवपेटीपुढे ठेवली. जिना पुसणारी बाईही रांगेत होती. माणसाची व्यवस्था इतकी नीट झाली, पण पैशांची नाही. त्यांचे ते ८ लाख बाथ बँकेने लगेच गोठवले, आणि कोर्टाकडून वारस-व्यवस्थापक नेमून आणल्याशिवाय एक बाथ निघत नव्हता. थाई मृत्युपत्र नव्हतं. स्वीडनचं होतं, त्याचं भाषांतर, साक्षांकन, वकील. मुलगा दोनदा येऊन गेला.

त्यानंतर आम्ही पहिलं काम केलं ते इथल्या मालमत्तेपुरतं थाई मृत्युपत्र. खर्च फार नाही, वकिलाकडे एक सकाळ जाते. दाह इथेच करावा असंही त्यात लिहिलं आहे, कारण मुंबईला नेण्याचा खर्च आणि कागद मुलाच्या माथी मारायचे नाहीत. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग 'पीडीएफ पाठव' म्हणाला. आजारपणाचंही आधीच बघावं. सत्तरी उलटली की विम्याचा हप्ता डोळे पांढरे करतो, काही कंपन्या नवीन घेतच नाहीत. खासगी रुग्णालयं उत्तम आहेत आणि आधी विमा विचारतात. सरकारीत डॉक्टर चांगले, गर्दी आपल्यासारखीच, आणि परदेशी माणसाला दर वेगळे. ८ लाखांची ठेव आजारपणात वापरू असं म्हणाल, तर ती ४ लाखांच्या खाली गेली की राहण्याची परवानगी अडचणीत येते. दवाखान्यासाठी वेगळे पैसे हवेतच.

म्हणून त्या सहकारी बाईंना मी सांगितलं, फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. दोन महिने येऊन राहा, आणि डिसेंबरात येऊ नका, ऑक्टोबरात या. पाऊस असतो, रस्ते तुंबतात, किनाऱ्यावर कुणी नसतं, समुद्रात उतरवत नाही. हिरव्या सोंगथाओत, म्हणजे इथल्या वडापमध्ये, भिजलेल्या छत्र्या घेऊन बसा, सरकारी रुग्णालयात एकदा नंबर लावून बघा, मग बोलू. त्या म्हणाल्या, तू मला घाबरवतेस. तरी तिकिटं काढली आहेत. येताना कोकम आणायला सांगितलं आहे.

आणखी एक, हे मात्र दुरुस्ती म्हणून छापावं ही विनंती. लेखासोबतच्या फोटोखाली 'हुआ हिनचा किनारा' असं लिहिलं आहे. निळंशार पाणी आणि त्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे उंच कडे, ते दृश्य पलीकडच्या अंदमान समुद्रातलं, क्राबी-फांगंगाच्या बाजूचं. आमचा समुद्र उथळ आणि बहुतेक वेळा मातकट असतो, किनाऱ्यावर काळे खडक आहेत, दक्षिणेला माकडांची टेकडी, आणि पर्यटकांना फिरवायला आणलेले घोडे. तो फोटो बघून कुणी हुआ हिनचं तिकीट काढलं, तर इथे येऊन भांडण माझ्याशीच होणार आहे.

आपली नम्र,
एक वाचक, हुआ हिन (मूळ डोंबिवली)
(नाव प्रसिद्ध करू नये.)